हा पाट कुणाचा? चित्रशाळेच्या वहीतून डेटाबेसची टेबलं पाडताना

माझ्या मावसभावाची गोव्यात माशेलला गणपतीची चित्रशाळा आहे. आषाढ लागला की घरोघरचे पाट येऊन भिंतीला टेकू लागतात. काही पाटांच्या मागे आजोबांच्या काळात तेलरंगाने लिहिलेलं कुळनाव अजून वाचता येतं. मूर्ती त्या पाटावर बसते आणि त्याच पाटावरून घरी जाते. त्यामुळे चवथ जवळ आली की चित्रशाळेत दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "हा पाट कुणाचा?"

२०११ पासून तिथली वही स्प्रेडशीटमध्ये आली, आणि ती मीच करून दिली होती. एका ओळीत सगळं: वर्ष, घराचं नाव, वाडा, गाव, तालुका, जिल्हा, मोबाइल, मूर्ती, उंची, दर, आगाऊ रक्कम, बाकी. सुरुवातीला बरं चाललं. मग एका वर्षी हरतालिकेच्या, म्हणजे आमच्या तयेच्या संध्याकाळी बोरीच्या एका घरची मूर्ती न्यायला कुणी आलंच नाही. शीटमधल्या नंबरवर फोन लावला तर तो दोन वर्षांपूर्वी बंद झालेला. नवा नंबर शीटमध्ये होता, पण दुसऱ्या ओळीत, नागोबाच्या मागणीसमोर. घरचे लोक आमच्या फोनची वाट बघत बसले होते आणि आम्ही त्यांची. रात्री नऊ वाजता गाठ पडली.

चूक नंबर टिपणाऱ्याची नव्हती. एकच नंबर चौदा ठिकाणी लिहायला लावणारी रचना मी केली होती. त्या पावसाळ्यानंतर मी ते शीट मोडून नीट डेटाबेस बांधला. तसं काम तुम्हाला करायचं असेल, मग ते दुकानाच्या उधारीचं असो, वाचनालयाचं असो की देवस्थानच्या पावत्यांचं, तर मी ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने इथे सांगतो. नॉर्मलायझेशन हा शब्द भारी वाटतो, पण काम एवढंच असतं की प्रत्येक रकान्यासमोर उभं राहून विचारायचं, हा रकाना कुणाचा?

एका ओळीत सगळं ठेवलं की काय बिघडतं

ही त्या शीटमधल्या ओळींसारखी नमुन्याची ओळ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

२०१४ | नाईक, वरचा वाडा | बोरी | फोंडा | उत्तर गोवा | मोबाइल शेवटी ४१ | गणपती १८ इंच, नागोबा | ३५००, १५० | आगाऊ १००० | बाकी २६५०

यात तीन प्रकारचे त्रास दबा धरून बसलेले असतात. पहिला बदलताना होतो: नाईकांचा नंबर बदलला की तो त्यांच्या प्रत्येक ओळीत बदलायला हवा, आणि एक जरी ओळ सुटली तरी कुठला नंबर खरा हे शीट सांगू शकत नाही. दुसरा भरताना होतो: एखाद्या नव्या घराने पाट आणून ठेवला, मूर्ती केवढी हवी ते पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणाले, तर त्यांचं नाव लिहायला जागाच नाही, कारण ओळ मागणीची आहे. तिसरा खोडताना होतो. आमच्याकडे नवरात्रातल्या सरस्वतीपूजनासाठी मोठी सरस्वती फक्त एक शाळा घ्यायची. एका वर्षी त्यांनी मागणी रद्द केली, मावसभावाने ओळ खोडली, आणि त्या मूर्तीची उंची आणि दर दोन्ही त्या ओळीबरोबर गेले.

ही कोडी जुनी आहेत. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धतीचा, म्हणजे माहिती टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीचा, पाया घालणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पहिल्या नॉर्मल फॉर्मची, म्हणजे टेबल नीट मांडण्याच्या पहिल्या नियमाची, कल्पना त्यात आहे. दुसरा आणि तिसरा त्यांनी पुढच्याच वर्षी मांडला. या कामासाठी १९८१ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. ते नियम पाठ करण्याची गरज नाही. आपल्या वहीवर ते एकेक करून लावून बघितले की आपोआप अंगात मुरतात.

पायरी पहिली: संगणक बंद, वही उघडी

शीटचे सगळे रकाने कागदावर उभे लिहा. प्रत्येकासमोर लिहा की कोणती एक गोष्ट कळली की हा रकाना नक्की कळतो. अमुक कळलं की तमुक कळतं, एवढंच. पुस्तकात याला फंक्शनल डिपेन्डन्सी म्हणतात. मी बाणाने लिहितो:

मूर्तीचा प्रकार → उंची
मागणी क्रमांक → कुणाची मागणी, कुठल्या वर्षाची
गाव → तालुका
तालुका → जिल्हा
वर्ष → चवथीची तारीख

शेवटचा बाण बघा. २०२४ साली चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. ही तारीख त्या वर्षाची आहे, कुठल्याही एका मागणीची नाही. तरीही आमच्या शीटमध्ये ती काही ओळींत होती आणि काहींत नव्हती.

हे बाण डेटा बघून ठरवू नका, माणसांना विचारून ठरवा. आज तुमच्या शीटमध्ये एका मोबाइलवर एकच घर दिसत असेल, पण म्हणून मोबाइल → घर असा बाण काढता येत नाही. मी चित्रशाळेतल्या मूर्तिकार काकांना विचारलं, "काका, गिऱ्हाईक म्हणजे कोण? मागणी सांगायला येतो तो माणूस?" ते म्हणाले, "माणसाचं काय घेऊन बसलास? यंदा थोरला येतो, पुढच्या वर्षी धाकट्याची पाळी. गणपती घराचा."

या एका उत्तराने माझा अर्धा डेटाबेस बदलला. मी माणसाला गिऱ्हाईक धरून बसलो होतो. भाऊ मुंबईला असोत नाहीतर वास्कोला, चवथीला मूळ घरी एकच गणपती येतो, आणि मागणी द्यायला दर वर्षी वेगळा चेहरा येतो. माणूस हे गिऱ्हाईक धरलं असतं तर एकाच घराची चार खाती झाली असती. गिऱ्हाईक म्हणजे घर. माणसं त्या घराचे संपर्क. नॉर्मलायझेशनचे सगळे नियम बिनचूक पाळूनही इथे चूक झाली असती, कारण टेबल नक्की कशाचं आहे हे ते नियम सांगत नाहीत. ते चित्रशाळेतच कळतं.

पायरी दुसरी: एका खणात एकच गोष्ट

पहिला नॉर्मल फॉर्म. "गणपती १८ इंच, नागोबा" या खणात दोन वस्तू कोंबल्या आहेत, आणि पुढच्या खणात त्याच क्रमाने दोन दर. नागपंचमीला किती नागोबा लागतील असं विचारलं तर मजकुरात शोधाशोध करावी लागते. कुणी तिथे स्वल्पविराम देतो, कुणी अधिक चिन्ह, कुणी "नाग" एवढंच लिहितो.

यावर लोक हमखास एक पळवाट काढतात: मूर्ती १, मूर्ती २, मूर्ती ३ असे रकाने वाढवायचे. मीही काढली होती. चौथी मूर्ती हवी असलेलं घर येतंच, आणि तोवर नागोबा मोजायला तीन रकाने चाळावे लागतात. एका मागणीत अनेक वस्तू असतील तर वस्तूंना स्वतःचं टेबल हवं आणि प्रत्येक वस्तूला तिथे वेगळी ओळ.

पण एकच गोष्ट म्हणजे किती बारीक? इथे तारतम्य लागतं. "वरचा वाडा, वडाच्या झाडामागे, तुळशीवृंदावनाकडून उजवीकडे" हा पत्ता मी एकाच मजकुरात ठेवला. वडाच्या झाडामागची सगळी घरं दाखव असं कुणी कधी विचारणार नाही. गाव मात्र वेगळं काढलं, कारण टेम्पो गावागावाने जातो आणि यादी गावाप्रमाणे लागते. ज्या तुकड्यावर शोधायचं, मोजायचं किंवा क्रम लावायचा असतो तो वेगळा काढा, बाकीचा राहू द्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने पाडण्याचा सोस तर मुळीच नको.

पायरी तिसरी: ओळख ठरवणं

प्रत्येक टेबलातली ओळ नेमकी कशाने ओळखायची ते ठरवा. हीच प्रायमरी की. मोबाइल नंबर चालत नाही, तो बदलतो. घराचं नावही चालत नाही, बोरीत नाईक काही एक नाहीत. म्हणून घराला एक साधा क्रमांक दिला, ज्याला दुसरा काहीच अर्थ नाही. मावसभावाने तोच क्रमांक खडूने पाटाच्या मागे लिहायला सुरुवात केली.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. कृत्रिम क्रमांक दिला म्हणजे दुबार नोंद थांबली असं होत नाही. एकच घर क्रमांक ३७ आणि क्रमांक ११२ असं दोनदा शिरू शकतं. त्यामुळे खऱ्या जगात जे दोनदा असू नये त्यावर युनिकचं बंधन वेगळं घाला. आमच्याकडे गाव, वाडा आणि घराचं नाव ही तिन्ही मिळून युनिक आहेत.

पायरी चौथी: अर्ध्या ओळखीवर जगणारे रकाने

वस्तूंच्या टेबलाची ओळख दोन रकान्यांची झाली: मागणी क्रमांक आणि प्रकार क्रमांक. नग किती, हे कळायला दोन्ही लागतात. उंची कळायला मात्र प्रकार पुरतो, आणि मागणीची तारीख कळायला मागणी क्रमांक पुरतो. जो रकाना ओळखीच्या अर्ध्यावरच अवलंबून आहे तो त्या अर्ध्याच्या टेबलात जातो. दुसरा नॉर्मल फॉर्म एवढाच आहे. उंची प्रकारांच्या टेबलात गेली, तारीख मागणीच्या. शाळेने सरस्वती रद्द केली तरी आता तिची उंची जागेवर राहते.

दर कुठे ठेवायचा, यावर मात्र मी दोन दिवस घालवले, आणि तुम्हीही घालवा, कारण पैशांच्या कामात चूक इथेच होते.

पहिल्या विचारात वाटतं, दर प्रकाराचा आहे, म्हणून तो प्रकारांच्या टेबलात जावा. तसं केलं आणि पुढच्या वर्षी माती-रंग महागले म्हणून १८ इंची मूर्तीचा दर बदलला, तर मागच्या सगळ्या वर्षांच्या मागण्या नव्या दराने दिसू लागतील. ज्यांनी पूर्ण पैसे दिले त्यांच्याकडे बाकी दिसेल. खरं तर इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, यंदाचा जाहीर दर. दोन, या घराशी या मागणीत ठरलेला दर. ओळखीच्या घराला काका पन्नास रुपये कमी करतात, ते दरपत्रकात कुठेच नसतं. आकडा योगायोगाने सारखा असला तरी गोष्टी दोन आहेत.

म्हणून दरपत्रकाचं वेगळं टेबल केलं, प्रकार आणि वर्ष मिळून ओळख. आणि मागणीतल्या वस्तूच्या ओळीत "ठरलेला दर" असा स्वतंत्र रकाना ठेवला. मागणी घेताना दरपत्रकातला आकडा तिथे उतरतो आणि त्यानंतर दरपत्रकात काहीही झालं तरी तो हलत नाही. नवशिके याला पुनरावृत्ती समजून काढून टाकतात. ही पुनरावृत्ती नाही. बिलावरचा जीएसटीचा दर, पावतीवरचा त्या दिवशीचा पत्ता यांनाही हेच लागू आहे: घडून गेलेल्या व्यवहाराची नोंद त्या दिवशी होती तशीच राहिली पाहिजे.

पायरी पाचवी: गाव, तालुका, जिल्हा

तिसऱ्या नॉर्मल फॉर्मचं उदाहरण गोव्याने मला आयतंच दिलं. जानेवारी २०१५ मध्ये फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेला. आमची निम्म्याहून जास्त घरं फोंडा तालुक्यातली: बोरी, शिरोडा, खुद्द माशेल. शीटमध्ये प्रत्येक ओळीत जिल्हा लिहिलेला. २०१५ नंतर नव्या ओळींत काहींनी दक्षिण गोवा लिहिलं, काहींनी वरची ओळ कॉपी केली आणि उत्तर गोवा तसाच राहिला. मग एका कामासाठी जिल्ह्याप्रमाणे मागण्यांची यादी काढली तर एकच गाव दोन्ही जिल्ह्यांत.

बाण बघा: घर → गाव → तालुका → जिल्हा. जिल्हा घराच्या ओळखीवर थेट अवलंबून नाही, मधल्या दोन पायऱ्यांतून अवलंबून आहे. अशा लांबच्या नात्याचा रकाना ज्याच्यावर तो थेट अवलंबून आहे त्याच्याकडे पाठवायचा. घरात फक्त गावाचा क्रमांक ठेवला, गावात तालुक्याचा, आणि जिल्हा तालुक्याच्या टेबलात. तालुक्यांच्या टेबलात बाराच ओळी आहेत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. फोंड्याच्या एका खणात "उत्तर" चं "दक्षिण" केलं की सगळी घरं हलतात. सांग्यातून धारबांदोडा वेगळा झाला तसं पुन्हा काही झालं तरी एक ओळ वाढवायची आणि त्या गावांचे तालुका क्रमांक बदलायचे.

जिल्ह्यांसाठी आणखी एक टेबल मी केलं नाही. जिल्ह्याबद्दल मला नावापलीकडे काहीच नोंदवायचं नाही. चुकीचं नाव शिरू नये म्हणून त्या रकान्यावर ठरावीक नावांचं बंधन घातलं, तेवढं पुरलं.

गावाच्या टेबलाने आणखी एक दुखणं बरं केलं, आणि ते आपल्याकडे सगळीकडे आढळतं. एकाच गावाची दोन-तीन नावं. माशेल हेच मार्सेल, साखळी हीच सांकेली, डिचोली हीच बिचोली, आणि मडगाववर कुणी अनुस्वार देतो, कुणी देत नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या रोमन स्पेलिंगवरून वाचून लिहिणाऱ्याचं नाव वेगळं पडतं, बोलीतून लिहिणाऱ्याचं वेगळं. उलट खोर्ली तिसवाडीतही आहे आणि बार्देशात म्हापशालाही. म्हणून गावाचं नुसतं नाव ही ओळख होऊ शकत नाही. गावाला क्रमांक दिला, नाव आणि तालुका मिळून युनिक केलं, आणि भरणाऱ्याला मोकळा खण न देता यादीतून निवडायला लावलं.

पायरी सहावी: जरा पुढचं, लागलं तरच

रोजच्या कामाला तिसऱ्या फॉर्मपर्यंत पोचणं बहुतेक वेळा पुरतं. तरी एक प्रसंग आमच्याकडे आला तो सांगतो, कारण पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा तो समजायला सोपा आहे.

कुठल्या मूर्तीवर कोण काय काम करतो, याची नोंद मावसभावाला हवी होती. रकाने तीन: मूर्ती, काम, कारागीर. एका मूर्तीचं एक काम एकच कारागीर करतो, म्हणून मूर्ती आणि काम मिळून ओळख. पण चित्रशाळेत प्रत्येक कारागिराचं काम ठरलेलं असतं. डोळ्यांची आखणी करणारा दुसऱ्या कशाला हात लावत नाही. म्हणजे कारागीर → काम हाही बाण आहे. तिसऱ्या फॉर्मचा नियम इथे मोडत नाही, तरीही "हा कारागीर डोळे आखतो" हे दोनशे ओळींत लिहिलं जातं. ही फट १९७४ मध्ये बॉइस आणि कॉड यांच्या नावाच्या फॉर्मने बुजवली: दुसऱ्या रकान्याचं उत्तर ज्याच्यावरून कळतं ते त्या टेबलात स्वतःच पुरेशी ओळख असलं पाहिजे. त्यानुसार दोन टेबलं होतात, कारागीर आणि काम हे एक, मूर्ती आणि कारागीर हे दुसरं.

मात्र यात काही गमावतंही. एका मूर्तीचे डोळे दोघांच्या नावावर पडू नयेत, ही राखण आधी ओळखच करत होती. टेबल मोडल्यावर ती साध्या बंधनाने राखता येत नाही. आमच्याकडे अशी दुबार नोंद झाली तर पैसे दोनदा दिले जातील, म्हणून मी टेबल एकच ठेवलं आणि कारागीर-काम यांची जोडी वेगळ्या टेबलाशी फॉरेन कीने, म्हणजे त्या टेबलात असलेलीच जोडी घेणाऱ्या बंधनाने, बांधली. पुनरावृत्ती राहिली, पण चुकीची जोडी आत शिरूच शकत नाही.

चौथा फॉर्म रोनाल्ड फेगिन यांनी १९७७ मध्ये मांडला. त्याची आठवण एकाच ठिकाणी ठेवा: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन याद्या एका टेबलात बसवू नका. घराचे तीन मोबाइल आणि घराच्या दोन रीती, जसं की सोंड डावी आणि पितांबर पिवळा, हे एकाच टेबलात घातलं तर सहा ओळी भराव्या लागतात, आणि एक सुटली की अर्थाचा अनर्थ. संपर्कांचं टेबल वेगळं, रीतींचं वेगळं.

कुठे थांबायचं

एवढं सगळं झाल्यावर आमच्याकडे ही टेबलं उरली: घर, संपर्क, रीती, गाव, तालुका, वर्ष, मूर्तीचे प्रकार, दरपत्रक, मागणी, मागणीतल्या वस्तू, पैसे, आणि वर सांगितलेली कारागिरांची दोन. पैशांचं टेबल वेगळं का, तर आगाऊ रक्कम एकदाच येते असं नाही. कुणी पाट आणताना देतो, कुणी मध्ये, कुणी मूर्ती उचलताना. प्रत्येक वेळची एक ओळ. "बाकी" हा रकाना मात्र काढून टाकला. ती हिशेबाने निघते, आणि जे हिशेबाने निघतं ते लिहून ठेवलं की कधीतरी हिशेबाशी भांडतं.

टेबल मोडायचं की नाही, यावर अडलात तर मी स्वतःला विचारतो ते प्रश्न असे: ही गोष्ट दुसरी कुठलीही ओळ न घालता नोंदवण्याची वेळ येईल का? ती बदलली तर किती ओळींना हात लावावा लागेल? ती एकाला अनेक अशी आहे का? एकाचंही उत्तर बोचलं तर मोडतो. नाहीतर एकत्रच ठेवतो. प्रत्येक वेळी जोडीने जाणारे आणि जोडीने बदलणारे रकाने केवळ शिस्त दिसावी म्हणून वेगळे केले तर जोडण्यांचं काम वाढतं, हाती काही लागत नाही.

टेबलं जास्त झाली की डेटाबेस सुस्तावतो, ही भीती लहान व्यवसायात बहुतेक अनाठायी असते. दीडएकशे घरं आणि काही हजार ओळी एकमेकांना जोडणं हा आजच्या साध्या लॅपटॉपला घास आहे. खरोखर हळू वाटलं तर आधी इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन शोधण्यासाठीची सूची, बघा. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीमध्ये फॉरेन की घातली म्हणून त्या रकान्यावर आपोआप इंडेक्स बनत नाही, तो हाताने करावा लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीच्या इनोडीबी या साठवणीच्या प्रकारात तो बनतो. त्यानंतरही हळू असेल तर एक्सप्लेन या आज्ञेने वेळ कुठे जातो ते मोजा. माहिती मुद्दाम पुन्हा एकत्र करायची वेळ त्यानंतर येते, तीही मूळ टेबलं जागेवर ठेवून. महिन्याच्या बेरजांचं एक टेबल रात्री नव्याने भरलं तर चुकलं तरी पुन्हा भरता येतं. मूळ टेबलातच बेरीज मिसळली की खरं काय ते सांगायला कुणी उरत नाही.

पायरी सातवी: जुनं शीट आत आणणं

सगळ्यात जास्त दिवस इथे जातात, आणि यावर लिहिलं सगळ्यात कमी जातं.

शीटची एक प्रत काढून बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. मग सगळं शीट जसं आहे तसं "कच्चा" नावाच्या एका टेबलात आणा, सगळे रकाने साधा मजकूर म्हणून. दुरुस्ती या पायरीवर करू नका. कच्च्यातून प्रत्येक रकान्यातल्या वेगवेगळ्या नोंदींची यादी काढा, सिलेक्ट डिस्टिंक्ट या आज्ञेने, आणि प्रत्येक नोंद किती वेळा आली तेही मोजा. गावांच्या रकान्यात मला खऱ्या गावांच्या दुपटीहून जास्त नावं मिळाली.

काही जोड्या तर डोळ्यांना अगदी सारख्या दिसत होत्या आणि तरी वेगळ्या मोजल्या जात होत्या. सत्तरीतलं पर्ये कुणी पऱ्ये असं लिहितो, आणि तो ऱ युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे टाइप होतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, एक र ला खाली नुक्ता जोडून, आणि रफाराच्या जागी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकूनही. पहिले दोन प्रकार एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणले की एक होतात. तिसरा होत नाही, तो शोधून हाताने बदलावा लागतो. शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागाही काढून टाका. मगच एक जोडटेबल करा, डाव्या बाजूला शीटमधलं नाव आणि उजव्या बाजूला खरा गाव क्रमांक. हे जोडटेबल मी काकांना शेजारी बसवून भरलं. कुठलं खोर्ली, हे त्यांनाच ठाऊक होतं.

मग भरण्याचा क्रम. ज्याच्यावर कुणी अवलंबून आहे ते आधी: तालुके, गावं, घरं, संपर्क, प्रकार, वर्ष, मागण्या, त्यातल्या वस्तू, शेवटी पैसे. फॉरेन की सुरुवातीपासून चालू ठेवा. तुम्ही एसक्यूलाइट ही छोटी डेटाबेस प्रणाली वापरत असाल तर ती मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीच्या वेळी प्रॅग्मा ही आज्ञा देऊन चालू करावी लागते. न केल्यास नसलेल्या घराची मागणी बिनतक्रार आत जाते.

खोडण्याबाबत आधीच ठरवा. घर खोडलं की त्याच्या मागण्याही आपोआप खोडल्या जाव्यात, अशी सोय असते. हिशेबाच्या टेबलांवर ती लावू नका. मागण्या असलेलं घर खोडू द्यायचंच नाही असं बंधन घाला, आणि घराने मूर्ती घेणं थांबवलं तर "चालू" या रकान्यात नाही लिहा.

आता पडताळणी. शीटमधल्या वस्तू मोजा आणि वस्तूंच्या टेबलातल्या ओळी मोजा. शीटमधली दर वर्षाची आगाऊ रकमेची बेरीज आणि पैशांच्या टेबलातली दर वर्षाची बेरीज समोरासमोर ठेवा. आमच्याकडे २०१६ ची बेरीज दीडशे रुपयांनी जुळेना. शोधल्यावर एका नागोबाचा दर आगाऊच्या खणात सापडला. असा फरक किरकोळ म्हणून सोडू नका, त्याच्यामागे बहुधा आणखी काही चुकलेलं असतं.

शेवटचं काम: नव्या टेबलांवर एक व्ह्यू, म्हणजे टेबलं जोडून दिसणारा तयार तक्ता, करा, जो जुन्या वहीसारखाच दिसेल, एका ओळीत घर, गाव, मूर्ती, बाकी आणि फोन. आत माहिती कितीही टेबलांत विभागलेली असो, वापरणाऱ्याला त्याची सवयीची ओळ मिळाली पाहिजे. आमच्या व्ह्यूमध्ये पहिला रकाना घर क्रमांकाचा आहे, पाटामागे खडूने लिहिलेला तोच. गेल्या तयेला काकांनी चष्मा लावून तो छापील कागद हातात घेतला, गावाप्रमाणे एकेक पाट उलटा करून क्रमांक बघितला आणि समोर टिकमार्क करत गेले. बोरीचा टेम्पो दुपारी तीनला निघाला.